जुन्या विमानाचा जीर्णोद्धार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इंदापूर तालुक्यात कडबनवाडी नावाचे गाव आहे. २५ जुलै २०२२ रोजी सकाळी या गावाच्या शिवारात एक लहान विमान कोसळले. बारामतीहून उडालेले ते प्रशिक्षणाचे विमान होते आणि त्यात एकटी शिकाऊ वैमानिक मुलगी होती. गावकरी मदतीला धावले. ती बचावली, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या विमानाचे छायाचित्र आले. आमचा नातू तेव्हा चौथीत होता. छायाचित्र पाहून तो म्हणाला, ‘आबा, ह्या विमानाला वर एकच पंख कसा? तुमच्या फोटोत तर दोन-दोन आहेत!’ आमच्या ओसरीवर एक जुना फोटो टांगलेला आहे. त्यात अठरा वर्षांचा मी एका दुपंखी विमानाला टेकून उभा आहे. अंगात खाकी अर्धी चड्डी, हातात डोपचा डबा. त्या दिवशी नातवाला जे सांगितले, तेच आज तुम्हांला जरा सविस्तर सांगणार आहे. दोन पंख का होते, ती विमाने गेली कुठे, आणि शंभर वर्षांपूर्वीचे लाकडाचे नि कापडाचे विमान आज पुन्हा आकाशात नेतात ते कसे.

आधी दोन पंखांचे बघू. घरी दोन लाकडी फूटपट्ट्या असतील तर करून पाहा. एक पट्टी मधोमध धरून टोकांना दाबली तर ती सहज वाकते. आता दोन पट्ट्या एकीवर एक अशा चार बोटांच्या अंतराने धरा, मध्ये उभ्या काड्या लावा आणि त्या चौकोनांत फुलीसारखा दोरा ताणून बांधा. आता ती जोडी वाकवून बघा. वजन दुपटीच्या आसपास, पण ताकद त्याहून कितीतरी पट वाढलेली. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलाच्या बाजू तुम्ही पाहिल्या असतील. खाली-वर दोन आडव्या तुळया, मध्ये उभे खांब आणि तिरप्या पट्ट्या. दुपंखी विमान म्हणजे हवेत उडणारा असा पूलच. त्या काळची इंजिने जड आणि अशक्त होती. विमान उचलायला पंखाचे क्षेत्रफळ भरपूर हवे, पण एकच लांब पंख केला तर पातळ लाकूड मोडणार. म्हणून दोन आखूड पंख घ्यायचे, मध्ये दांडे उभे करायचे आणि पोलादी तारांनी ते आवळायचे.

या तारांतही दोन जाती असतात. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात. ते वर दुमडू नयेत म्हणून खालच्या पंखाच्या बुडापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या तारा ताण घेतात. त्यांना उड्डाणाच्या तारा म्हणतात. विमान जमिनीवर उभे असताना पंखांचे वजन खाली ओढते, तेव्हा उलट दिशेच्या तारा ताण घेतात. त्या उतरण्याच्या तारा. म्हणजे विमानाने जमीन सोडली की भार एका तारेवरून दुसरीवर जातो. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

या रचनेचा तोटा एकच. दांडे आणि तारा वाऱ्याला अडवतात. इंजिने जोरदार झाली, पंख धातूचे करता येऊ लागले, तेव्हा हा अडथळा परवडेनासा झाला. ब्रिटनच्या हवाई दलाचे शेवटचे दुपंखी लढाऊ विमान ग्लॉस्टर ग्लॅडिएटर १९३७ मध्ये दाखल झाले. त्याचा वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत एकपंखी विमानांनी त्याला मागे टाकले.

तुम्ही म्हणाल, ही सगळी गोऱ्यांची कथा. तसे नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात चार भारतीय तरुण लढाऊ वैमानिक म्हणून उडाले. हरदितसिंग मलिक सॉपविथ कॅमल उडवत. इंद्रलाल रॉय ह्या बंगाली तरुणाने जुलै १९१८ मध्ये एस. ई. ५ए विमानातून अवघ्या दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला तो मारला गेला. वय एकोणीस. एरोल चंदर सेन जर्मनांच्या कैदेत पडले. चौथे आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला हा तरुण सॉपविथ डॉल्फिन नावाच्या दुपंखी लढाऊ विमानावर होता. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला गेला तो परत आला नाही. जबर जखमी अवस्थेत जर्मनांच्या ताब्यात त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर फ्रान्समध्ये हँगार्ड येथे आहे.

डॉल्फिनची रचना विचित्र होती. वरचा पंख खालच्या पंखाच्या जरा मागे, आणि वैमानिकाचे डोके त्या वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर. दिसायचे छान, पण विमान उलटले तर सगळ्यात आधी डोकेच जमिनीला लागणार. वेलिणकर कशात बसत असतील हे आज डोळ्यांनी बघायचे असेल तर पुस्तकातल्या चित्राने भागत नाही. लंडनजवळ हेंडनच्या संग्रहालयात डॉल्फिनचे उरलेसुरले मूळ भाग जमवून एक विमान उभे केले आहे. ते उडत नाही. पण इंद्रलाल रॉय ज्या जातीचे विमान उडवत, त्या एस. ई. ५ए मधले एक विमान १९१८ च्या नोव्हेंबरात प्रत्यक्ष लढलेले आहे. युद्धानंतर ते आकाशात धुराने जाहिराती लिहायच्या कामाला लागले, मग अनेक वर्षे एका हँगरच्या छताला टांगून राहिले. १९५९ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा उडवले गेले. ब्रिटनमधल्या ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहाचे ते भूषण आहे.

आपल्या देशातल्या एका शोधाची हकिगत याहून नवलाची आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटनकडे हजारो विमाने शिल्लक राहिली. त्यांतली काही साम्राज्यातल्या देशांना भेट दिली गेली. भारताच्या वाट्याला आलेल्यांपैकी डी. एच. ९ जातीची काही दुपंखी बाँबफेकी विमाने बिकानेरच्या महाराजांकडे गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचे सांगाडे बिकानेरच्या राजवाड्यात, जिथे एके काळी हत्ती बांधत त्या जागेत सापडले. वाळवंटाच्या कोरड्या हवेने लोखंड राखले होते, पण लाकूड वाळवीने खाल्ले होते. इंग्लंडमधल्या जुनी विमाने दुरुस्त करणाऱ्या गाय ब्लॅक यांच्या रेट्रोटेक कारखान्याने दोन सांगाडे नेले. एक संग्रहालयात ठेवण्यासाठी उभा केला आणि दुसरा उडण्याजोगा केला. मे २०१९ मध्ये ते दुसरे विमान डक्सफर्डच्या धावपट्टीवरून उडाले. हत्तीखान्यातून आकाशापर्यंत जायला त्याला वीसेक वर्षे लागली.

इतकी वर्षे का लागतात, ते आता क्रमाने बघू.

पहिले काम हत्याराचे नसते, कागदाचे असते. विमानाच्या अंगावर त्याच्या क्रमांकाची पट्टी असते. ती सापडली तर त्याचा जन्म, त्याची पलटण, त्याचे अपघात यांचा माग काढता येतो. मग मूळ आराखडे शोधायचे. सांगाड्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र काढायचे, प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी बांधायची. कुजलेला तुकडासुद्धा फेकायचा नाही, कारण नवा तुकडा त्याच मापाने घडवायचा असतो. घरातला जुना चुलवण पाडतानासुद्धा आपण विटा मोजून ठेवत नाही. इथे खिळा मोजतात.

दुसरे काम लाकडाचे. माझे वडील इंदापुरात सुतार होते. बैलगाड्या करायचे. बाभळीचे लाकूड हातात घेतले की ते आधी त्याच्या रेषा बघत. ‘रेघ बाहेर सुटली की आरा मोडलाच म्हणून समज,’ असे ते म्हणायचे. विमानाच्या पंखातल्या मुख्य तुळईला इंग्रजीत स्पार म्हणतात. ती स्प्रूस नावाच्या झाडाची असते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे उंच, सरळ वाढणारे, वजनाला हलके झाड. या लाकडाच्या निवडीचा नियम वडिलांच्याच नियमासारखा, फक्त आकड्यात बसवलेला. पंधरा इंच लांबीत लाकडाची रेघ एक इंचापेक्षा जास्त तिरकी गेलेली चालत नाही. गाठ नको, राळेची खळगी नको, वर्षांची वलये दाट हवीत. चांगल्या ढिगातूनही थोडेच लाकूड या कसोटीला उतरते.

तिसरे काम सरसाचे. हे ऐकून आपल्या भागातल्या दूधवाल्यांना गंमत वाटेल. त्या काळची काही विमाने दुधाच्या सरसाने चिकटवलेली होती! दूध फाडून त्यातले केसिन हे प्रथिन वेगळे करतात, वाळवून त्याची पूड करतात, त्यात चुना आणि क्षार मिसळतात. पाण्यात कालवले की घट्ट सरस तयार. कोरड्या हवेत तो लाकडाला असा धरतो की सांधा सुटण्याआधी लाकूड फाटते. पण शेवटी ते दूधच. ओलावा लागला की त्याला बुरशी धरते, आणि बाहेरून काही दिसत नाही. पुढे यासाठी रासायनिक सरस आले. जुने विमान उडवायचे तर सगळे जुने सांधे उघडून तपासावे लागतात आणि आजचा सरस लावावा लागतो. मूळचे सगळे जसेच्या तसे ठेवायचे हा आग्रह इथे सोडून द्यावा लागतो.

आता माझ्या फोटोमागची गोष्ट सांगतो. १९६६ सालचा पावसाळा. मी एका फ्लाइंग क्लबाच्या वर्कशॉपमध्ये हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो होतो. सुताराचा मुलगा म्हणून घेतले होते. क्लबात एक टायगर मॉथ होते. हे लढाऊ विमान नव्हे, लढाऊ वैमानिकांना शिकवायचे दुपंखी विमान. १९३१ मध्ये ते प्रथम उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक बनले. आपल्या हवाई दलातल्या कित्येक जुन्या वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. त्याच्या खालच्या पंखावर बुडाशी पाय ठेवायला लाकडी पट्टा असतो. त्या पट्ट्यावरच पाय द्यायचा, कारण पलीकडे नुसते कापड. एके दिवशी कुणाचा तरी पाय पलीकडे पडला आणि कापड वीतभर फाटले.

मला ते शिवायला सांगितले. मी मन लावून शिवले. वरून पट्टी चिकटवली, डोपचे हात दिले. वाळल्यावर हात फिरवला तर जोड कळेना. आमच्या मिस्त्रींना बोलावून आणले. ते साठीच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी हात फिरवला, मान हलवली. मला वाटले, पसंत पडले. मग त्यांनी खिशातून चार आण्याचे नाणे काढले आणि पट्टीच्या बाजूने कापडाखालच्या फासळीवर टकटक केली. एके ठिकाणी टण् असा आवाज आला, दोन बोटे पुढे गेल्यावर भद्द. त्यांनी चाकू काढला आणि माझी नवी कोरी पट्टी उभी चिरली.

आत फासळीचा सांधा उघडा पडला होता. सरसाची पिठासारखी पूड बोटाला लागली. मिस्त्री म्हणाले, ‘पाय काय नुसता कापडावर पडला असंल व्हय? खाली काय हाय ते बघितलंस का शिवायच्या आधी?’ मी गप्प. ते पुढे म्हणाले, ‘नीट कर. आणि वैमानिक साहेबांना मी सांगतो. दुरुस्ती झाली की पहिल्या उड्डाणाला पुढच्या सीटवर तू बसायचंस.’

पुढचे चार दिवस मी जेवढा शिकलो तेवढा नंतर वर्षभरात शिकलो नसेन. जुना सरस खरवडून काढला. तुटलेल्या पट्टीला तिरपा लांब सांधा करून नवा तुकडा जोडला, कारण आडवा सांधा ताण घेत नाही. बारीक पितळी खिळे मारले, रात्रभर पकडीत ठेवले. आजूबाजूच्या फासळ्याही वाजवून बघितल्या. तेव्हा कुठे कापडाला हात लावला.

कापड हे चौथे काम. मूळ विमानांना लिननचे कापड असे. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाच्या देठातल्या धाग्याचे कापड. आपण जवसाची चटणी खातो, त्यांनी त्याचे पंख केले. सुती कापडही वापरत. त्यातल्या एका जातीचे नाव मॅडापोलम. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावावरून पडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथून कापड जायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो ह्या लाकडी विमानाच्या अंगावर तेच नाव असलेले कापड चढले. आजकाल बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचे कापड लावतात. ते उन्हापावसात जास्त टिकते.

कापड पंखावर खोळीसारखे चढवायचे आणि मग प्रत्येक फासळीला शिवायचे. मेण लावलेली दोरी आणि हातभर लांबीची सुई. सुई वरून खाली जाते, खालून वर येते, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटू नये म्हणून. टाक्यांमधले अंतर ठरलेले असते, आणि पंख्याचा वारा जिथे जोरात लागतो तिथे टाके जवळजवळ घ्यायचे. शिलाईवर कातरलेल्या कडांची पट्टी चिकटवायची. मग डोप. डोप म्हणजे सेल्युलोजचा पातळ लुकण. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा उग्र वास येतो. तो वाळताना कापड आकसते आणि पंख ढोलकीसारखा ताणून बसतो. वडील बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायचे आणि पाणी ओतायचे. धाव निवताना आकसून चाकाला आवळून धरायची. डोपचे काम पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तीच आठवण झाली. शेवटचे हात ॲल्युमिनियमची पूड मिसळून द्यायचे, कारण उन्हातले अतिनील किरण कापड जाळतात. विमान चंदेरी दिसते ते त्यामुळे.

पाचवे काम जुळणीचे. चार पंख, दांडे, तारा एकत्र आल्या म्हणजे विमान झाले असे नाही. पंख किती अंशांनी वर उचललेले, पुढची कड किती वर, वरचा पंख खालच्याच्या किती पुढे, हे सगळे मोजून तारा पिळून बसवायचे. हत्यारे कोणती? ओळंबा, पाणसळ आणि कोन मोजायचे यंत्र. गवंड्याच्या पिशवीतलीच म्हणा ना. एक तार जास्त ओढली की समोरची ढिली पडते. एका बाजूचा पंख अर्ध्या अंशाने चुकला तरी विमान हवेत एका कुशीवर कलते आणि वैमानिकाला सारखी दांडी उलट धरून बसावे लागते. शेवटी प्रत्येक पेचाला बारीक तारेचे कुलूप घालायचे, म्हणजे थरथरीने तो सुटत नाही.

सहावे काम इंजिनाचे, आणि इथेच बहुतेकांचे पैसे आणि वर्षे संपतात. पहिल्या महायुद्धातल्या कॅमलसारख्या विमानांत फिरते इंजिन असे. म्हणजे दट्ट्यांचे सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरायचे. त्याला वंगण कोणते? एरंडेल! पेट्रोलमध्ये ते सहज मिसळत नाही म्हणून. हे वंगण परत टाकीत येत नसे. जळून आणि उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचे. लहानपणी ज्यांना एरंडेल पाजले गेले आहे, त्यांना त्या वैमानिकांच्या पोटाचे काय होत असेल ते सांगायला नको. एवढे वजन फिरत असल्यामुळे कॅमल उजवीकडे झटकन वळे, पण नवशिक्याच्या हातून तेवढ्याच झटकन सुटे. कित्येक नवशिके शत्रूच्या गोळीआधी या स्वभावानेच गेले. आज अशी इंजिने बाजारात मिळत नाहीत. न्यूझीलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या व्हिंटेज एव्हिएटर कारखान्याने जुन्या नमुन्यांवरून अशी इंजिने नव्याने घडवली आहेत.

एवढे झाल्यावर सरकारी तपासणी. आपल्याकडे नागरी विमानांसाठी हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. कोणते लाकूड कुठून आले, कोणता सरस कोणत्या दिवशी लावला, कुणी तपासला, सगळ्याची नोंद सहीनिशी लागते. मग इंजिन जमिनीवर चालवायचे, विमान जमिनीवर पळवायचे आणि वारा पडलेल्या सकाळी पहिले उड्डाण. जुन्या विमानांना शेपटीखाली चाक नसे, लाकडी टेकू असे, आणि ब्रेक नसत. टेकू घासत जाई, तोच ब्रेक. म्हणून त्यांना गवताचे मैदान लागते. बारामतीसारख्या पक्क्या धावपट्टीवर ती नीट उतरवणे अवघड. विमान उडवायचे तर त्याच्या काळातले मैदानही त्याला द्यावे लागते.

आता मुख्य प्रश्न. लाकूड नवे, कापड नवे, सरस नवा, मग ते जुने विमान राहिले का? आणि एवढे करून ते उडवावे तरी का, काचेमागे ठेवले तर काय बिघडेल?

वडिलांच्या एका गाडीची मी दोनदा चाके आणि एकदा साटा बदललेला पाहिला आहे. गाडीचा मालक तिला शेवटपर्यंत ‘आजोबांची गाडी’च म्हणत असे. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देव बदलला असे आपण म्हणत नाही. पण विमानाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, हे मी तुम्हांला प्रामाणिकपणे सांगतो. १९९६ च्या जुलैत ब्रिटनमध्ये एका विमान प्रदर्शनात मॉस्किटो कोसळले. त्या वेळी जगात उडत असलेले ते शेवटचे मॉस्किटो होते. वैमानिक आणि इंजिनिअर दोघेही गेले. विमान पुन्हा बनवता येते. त्या दोघांचे तसे नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. ज्या जातीचे एकच विमान उरले आहे, ते उडवू नये. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. तेही दुपंखीच. त्या जातीचे जगात उरलेले एकमेव समजले जाणारे विमान दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवले आहे. ते तिथेच शोभते. त्याच्या मूळ सरसाचा डागसुद्धा उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल. पण ज्यांचे भाऊबंद शिल्लक आहेत, त्यांतले एखादे जरूर उडवावे. जे हात विमान उडते ठेवतात, त्यांनाच ते कसे बनले हे खरे कळते. स्प्रूसची रेघ ओळखणे, फासळीला गाठ मारणे, तारांची जुळणी करणे हे पुस्तकात वाचून येत नाही. विमान काचेमागे गेले की पंचवीस-तीस वर्षांत ही विद्या जाते, आणि मग काचेमागचे विमान दुरुस्त करायलाही कुणी उरत नाही.

आपल्या हवाई दलानेही हे ओळखले. एक जुने टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, हवाई दल दिनी, ते हिंडनच्या आकाशात उडाले. आपल्या मुंबईनेही असा एक दिवस पाहिला आहे. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. टाटा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराचीहून जुहूला उतरले. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी त्याच मार्गाने टपाल आणले होते. ते विमान एकपंखी, पण कापडाचेच. ते उडण्याजोगे ठेवणारे हातही कुणाचे तरी असणारच. त्यांची नावे कुणाला आठवत नाहीत.

आता माझ्या उड्डाणाचे सांगून थांबतो. पाचव्या दिवशी पाऊस उघडला. मला टोपी, चष्मा घालून पुढच्या सीटवर बसवले, पट्टे आवळले. टायगर मॉथमध्ये शिकणारा मागे बसतो आणि एकट्याने उडवायचे तरी मागूनच. म्हणजे माझ्यासमोर कुणीच नव्हते. मिस्त्रींनी हाताने पंखा फिरवला, इंजिन सुरू झाले. गवतावरून खडखडत विमान पळाले आणि खडखड एकदम थांबली. जमीन सुटली होती.

मी खाली गाव बघितले नाही. माझे डोळे डाव्या पंखावरच्या त्या वीतभर पट्टीवर होते. तेवढ्यात दिसले, उतरण्याच्या तारा जराशा सैलावून थरथरताहेत आणि उड्डाणाच्या तारा ताठ झाल्या आहेत. पंखांनी भार घेतला होता. ज्या फासळीला मी चार दिवस धरून बसलो होतो, तिनेही आपला वाटा उचलला असणार. वीस मिनिटांनी आम्ही उतरलो. मिस्त्री पुढे आले. त्यांनी मला काही विचारले नाही. खिशातले नाणे काढले, फासळी वाजवून बघितली आणि वही मागवून सही केली. नंतर कुणीतरी तो फोटो काढला.

नातवाने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘आबा, ती कडबनवाडीचं विमान चालवणारी ताई परत उडेल का?’ मी म्हटले, ‘ते तिचं तिने ठरवायचं. पण ती ज्या विमानात बसेल, ते कुणीतरी वाजवून बघितलेलं असलं पाहिजे, एवढं मात्र नक्की.’